मागे राहणारी वाट (गीता ३.२३)



आज तिसऱ्या अध्यायातला तेविसावा श्लोक. भगवंत म्हणतात, तिन्ही लोकांत मला मिळवायचं असं काही उरलेलं नाही, तरी मी कर्म करतोच. कारण मी आळस केला तर माणसं सगळीकडून माझ्याच वाटेने जातील. इथे वाटेसाठी 'वर्त्म' हा शब्द आहे. आपण त्याचा अर्थ 'आचरण' असा घेतो आणि पुढे सरकतो. पण गाडीच्या चाकाने मातीत पडते ती चाकोरी, तिलाही संस्कृतात वर्त्मच म्हणतात. मला आज तो मातीतलाच अर्थ धरून बसायचंय.

त्याला कारण एक तळं. आम्ही बॉस्टनजवळ राहतो आणि इथल्या कॉन्कॉर्ड गावात वॉल्डन नावाचं तळं आहे. हिमनदीचा बर्फ वितळून झालेलं, शंभर फुटांहून खोल, चहूबाजूंनी ओक आणि पाइनची झाडी. काठाकाठाने फेरी मारली की साधारण पावणेतीन किलोमीटर होतात. वाट अवघड नाही, पण सपाटही नाही. मुळं आडवी येतात, चढउतार आहेत. तळं कायम एकाच हाताला राहत असल्यामुळे आपल्यासारख्याला प्रदक्षिणा आठवतेच.

याच तळ्याकाठी हेन्री डेव्हिड थोरो १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षं झोपडी बांधून राहिला. तो गीता वाचायचा, चार्ल्स विल्किन्सने १७८५ मध्ये केलेल्या इंग्रजी भाषांतरातून. (तो तिथे असतानाच बर्फ कापणारे तळ्यावर आले होते. त्या काळी बॉस्टनकडचा बर्फ जहाजाने पार कलकत्ता आणि मुंबईपर्यंत जायचा. गीता इकडे आली, बर्फ तिकडे गेला. असो.) 'वॉल्डन' पुस्तकाच्या शेवटी त्याने एक गोष्ट नोंदवलीये. झोपडीपासून पाण्यापर्यंत जाऊन-येऊन त्याच्या पावलांची वाट पडली, तीही आठवड्याभरात. तो निघून गेला, पाच-सहा वर्षं झाली, तरी ती वाट स्पष्ट दिसत होती. त्याला शंका आली की दुसरेही त्या वाटेला लागले असावेत आणि त्यांनीच ती मोडू दिली नसावी.

मला तर हे तेविसाव्या श्लोकावरचं भाष्यच वाटतं.

आज तिथे दरवर्षी लाखो लोक येतात. पायांनी काठाची माती सुटते, पावसाने ती तळ्यात जाते, झाडांची मुळं उघडी पडतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी वाटेच्या कडेने तार लावलीये, उतारावर पुन्हा झुडपं वाढू दिलीयेत. पाण्यापर्यंत उतरायला ठरावीक जागी दगडी पायऱ्या आहेत. तरी मध्येच कुठेतरी तार वाकलेली असते आणि पलीकडे गुळगुळीत झालेली एक पट्टी थेट पाण्याकडे जाते.

मागच्या शरदात अशाच एका जागी माझी सहा वर्षांची लेक थांबली. म्हणाली, "बाबा, इथे पाय उमटलेत. म्हणजे रस्ता आहे ना?"

बरोबर एक मित्र होता, आमच्याच क्षेत्रातला. तो म्हणाला, "जाऊ दे रे तिला. हजारो लोक गेलेत, हिच्या एवढ्याशा पावलाने काय होणारे?"

मी म्हटलं, पायऱ्या पुढे आहेत. लेक रुसली, पण चालायला लागली. मित्राचा प्रश्न मात्र मी उडवून लावणार नाही, कारण तो प्रामाणिक आहे. हिशेब केला तर एका पावलाने किती माती सुटणार? मोजताही येणार नाही इतकी. मग ते पाऊल चूक कशावरून?

माझ्या मते तो हिशेब मातीपुरताच आहे. लेकीने माती बघितली नाही, तिने खुणा वाचल्या. प्रत्येक पाऊल दोन कामं करतं: थोडी माती सरकवतं, आणि मागून येणाऱ्याला 'इथून जातात' असं सांगतं. कोडमध्ये 'तात्पुरतं' म्हणून कुणीतरी टाकलेली ओळ पुढच्या वर्षी दहा ठिकाणी कॉपी झालेली असते, तसंच. शिवाय आडवाट बुजायला कुणी काही करावं लागत नाही. नुसतं जायचं थांबलं की गवत आपलं काम करतं. म्हणजे न टाकलेलं पाऊलही तिथे जमा होत असतं.

आता कुणी म्हणेल, श्लोक तर भगवंतांबद्दल आहे, त्याआधीचा एकविसावा श्रेष्ठांबद्दल. आपण कुठे श्रेष्ठ? सहा वर्षांच्या पोरीला विचारा तिच्या लेखी श्रेष्ठ कोण ते. ऑफिसात नव्याने आलेल्या मुलाला विचारा. श्रेष्ठपणा आपण ठरवत नाही, मागून येणारा ठरवतो आणि बहुतेक वेळा आपल्याला न सांगता.

यापेक्षा मोठी अडचण मला दुसरी वाटते. लेक बघतेय म्हणून मी तार ओलांडली नाही, तर तो दंभ नाही का? सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या यादीत दंभ पहिला आहे. लोकसंग्रहाच्या नावाखाली आपण सगळे थोडेथोडे नट होऊ शकतो, आणि आपल्या पिढीला तर कॅमेराही हातातच मिळालाय. लोकसंग्रह म्हणजे फॉलोअर्स जमवणं नव्हे, हे रोज स्वतःला सांगावं लागतं.

इथे थोरोची वाट कामी येते. त्याला चालताना कुणी बघत नव्हतं. जे मागून आले त्यांना तो दिसलाच नाही, फक्त वाट दिसली. म्हणजे लोकसंग्रहाला प्रेक्षक लागत नाहीत. जानेवारीत, बर्फात, एकटा असताना जिथे पाय टाकला तिथेच उद्या कुणीतरी पाय टाकणार. दंभ बघणाऱ्यावर जगतो. ही गोष्ट बघणारा निघून गेल्यावर सुरू होते.

माउलींनी याच प्रकरणात एक दृष्टांत दिलाय: वाटेवर आंधळ्यासोबत डोळस माणूस चालतो तसं ज्ञात्याने चालावं. सोबत, म्हणजे त्याच्या चालीने. लेकीबरोबर पावणेतीन किलोमीटरला आम्हाला दोन तास लागले. घड्याळातल्या ॲपने तो वेळ 'व्यायाम' म्हणून धरलाच नाही!

आणखी एक सांगतो. तेविसाव्या श्लोकाचा उत्तरार्ध चौथ्या अध्यायातल्या अकराव्या श्लोकात जसाच्या तसा परत येतो. इथे तो काळजीच्या सुरात आहे: मी चुकलो तर हे माझ्यामागे येतील. तिथे आश्वासनाच्या: जे जसे मला शरण येतात त्यांना मी तसाच भेटतो, कारण सगळे माझ्याच वाटेवर आहेत. दोन्ही श्लोक एकदा लागोपाठ वाचून बघा.

थोरोच्या झोपडीच्या जागेजवळ दगडांची रास आहे. १८७२ पासून येणारे-जाणारे तिथे एकेक दगड ठेवतात. मित्रानेही खाली वाकून, नीट निवडून एक ठेवला. मी विचारलं, "इतक्या दगडांत तुझ्या एका दगडाने काय होणारे?"

तो हसला. म्हणाला, "अरे, पण हा दिसतो ना!"