मताचे मोल

आमचा एक माजी विद्यार्थी मध्यंतरी आमच्याकडे आला होता. नोकरी न धरता मासिकांस विचारप्रधान लेख देऊन चार पैसे मिळवावे, असा त्याचा मनोदय. लेख कोठे व कसे पाठवावे हे विचारून झाल्यावर त्याने संकोचाने पुसले, “सर, पैसे घेऊन मत सांगणे म्हणजे मत विकणेच नव्हे काय?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. ज्या मासिकासाठी लिहावयाचे त्याचे मागील पाच-सहा अंक आधी वाचावे. जेथे आपण स्वतः काही पाहिले किंवा अभ्यासिले आहे तोच विषय घ्यावा. संपादकांस मुद्दा थोडक्यात कळवावा. एकच लेख एकाच वेळी दोघांकडे धाडू नये. आणि मानधनाची गोष्ट भिडेखातर मागे टाकू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे स्वतंत्रपणे लिहिणाराच सामान्यतः आपल्या लेखाचा पहिला मालक असतो, व ती मालकी दुसऱ्यास द्यावयाची तर ती लेखी द्यावी लागते, हेही आम्ही त्यास सांगितले.

दुसऱ्या प्रश्नास मात्र असे उत्तर देता येईना. लेखणीवर पोट भरणे हीन होय, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. तिच्या परीक्षेस डॉ. जॉन्सनचे चरित्र फार उपयोगी पडते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेतून मराठी वाचकांस ज्याचा परिचय करून दिला, तोच हा. १७५० ते १७५२ पर्यंत ‘रँब्लर’ मध्ये तो आठवड्यास दोन निबंध लिही आणि प्रत्येकी दोन गिनी घेई. तेणेकरून त्याची मते मिंधी झाली असे कोणी म्हणत नाही. उलट, ग्रंथविक्रेत्यांच्या पैशावर त्याने आपला कोश पुरा केला, म्हणूनच १७५५ साली लॉर्ड चेस्टरफील्डचा उशिरा आलेला आश्रय त्यास झिडकारता आला. पुढे १७६२ त त्यास सालीना ३०० पौंडांचे सरकारी पेन्शन मिळाले. आणि १७७५ त अमेरिकन वसाहतींविरुद्ध त्याने जे पत्रक लिहिले त्याच्या मजकुरावर मंत्र्यांचा हात फिरला. त्याची मते मूळचीच तशी होती, हे खरे. तरी संशयास जागा झाली ती झालीच.

तेव्हा मोल घेणे हा दोष नव्हे. मोल देणाराने मत ठरविणे, हा दोष होय. वैद्य फी घेतो ती रोग्यास तपासण्याची. त्यास रुचेल ते निदान सांगण्याची नव्हे.

परंतु नवशिक्या लेखकाच्या वाटेस मंत्री येत नाहीत. त्याच्यापुढील मोह लहान आणि गोड असतो. आमच्या उमेदवारीच्या काळी आम्ही लेखी परीक्षांविरुद्ध एक लेख लिहिला होता. त्याच्या अखेरीस, ज्या गरीब मुलाच्या पाठीशी कोणी नाही त्यास अनोळखी परीक्षकाचाच काय तो आधार असतो, असा आमच्याच वर्गातील अनुभव नमूद केला होता. “एवढा परिच्छेद गाळल्यास लेख धारदार होईल,” असे एका संपादकांनी कळविले. आम्ही तो गाळला. लेखाची वाहवा झाली, मनिऑर्डर आली. आणि जी गोष्ट आम्हांस प्रत्यक्ष ठाऊक होती, तेवढीच लेखात नव्हती. कोणी बळजबरी केली नव्हती. ते पैसे लेखाचे की गाळलेल्या परिच्छेदाचे, हे आम्हांस आजही सांगता येत नाही.

म्हणून त्या विद्यार्थ्यास आम्ही एवढेच सांगितले : संपादकांनी लांबी कमी केली, भाषा सुधारली, तर आभार मानावे, परंतु आपणास खरे ठाऊक असलेले वाक्य केवळ अडचणीचे म्हणून काढावयास सांगितले, तर लेख परत मागावा. तो धीर राहावा म्हणून आरंभीची काही वर्षे उपजीविकेचे दुसरे साधन हाताशी ठेवावे.

पगारदाराने हा उपदेश करणे सोपे आहे, हे आम्ही जाणतो. परंतु तो परिच्छेद गाळला तेव्हाही आम्हांस पगार होता, हेही त्यास सांगणे आम्हांस भाग पडले.