खांद्यापासून बोटांपर्यंत

चित्र मोठं करून समोर ठेवा. मोबाइलवर असेल तरी चालेल, फक्त थोडा वेळ पडद्यावर बोट फिरवू नका. केथे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीचं हे १९३३ सालचं आत्मचित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. तपकिरी कागद आणि कोळशाची कांडी, एवढाच ऐवज. कागद सुमारे ४८ सेंटिमीटर उंच, ६३ सेंटिमीटर रुंद.

आधी चेहऱ्यापाशी जा. पासष्टीच्या घरातली बाई, केस मागे घेतलेले, ओठ मिटलेले. ती डावीकडे वळून रेखाटनात गुंतली आहे, आपल्याकडे तिचं लक्ष नाही. इथे कोळसा जपून फिरला आहे. घाई करू नका. गालावरून हनुवटीपर्यंत नजर सावकाश उतरू द्या.

आता एकदम दुसऱ्या टोकाला, कांडी धरलेल्या हाताकडे या. तोही तसाच जपून काढलेला.

आणि या दोन टोकांच्या मध्ये काय आहे? बाहीच्या चुण्या शोधून पाहा, कोपर शोधा. सापडायचे नाहीत. तिथे आहेत कोळशाचे रुंद, कोनदार फटकारे, खाली-वर, खाली-वर, एकाच दमात ओढल्यासारखे. या जागेवर मी सर्वांत जास्त वेळ थांबतो. चारकोलच्या वर्गात आम्ही हात काढायचो तेव्हा स्नायू न् स्नायू उतरवायचो. हात अगदी हुबेहूब व्हायचा आणि तरीही निपचित पडलेला असायचा. इथे हाताचं वर्णनच नाही, तरी त्याचं वजन जाणवतं.

तुम्ही लिहिता तो हात उचला. हवेत तसाच फटकारा ओढा, मनगटातून नव्हे, खांद्यातून. पुन्हा एकदा. पाठीत कुठे ओढ बसते, तिकडे लक्ष द्या. त्या ओढीसकट परत चित्राकडे पाहा.

कोळसा ही ओढ लपवू देत नाही. विलोच्या किंवा द्राक्षवेलीच्या काड्या हवा लागू न देता भाजतात, त्यातून ही कांडी होते. तिच्यात डिंक नसतो. भुकटी कागदाच्या खरबरीतपणात नुसती अडकून राहते, बोट लागलं तरी पुसली जाते. कांडी दाबली की काळं दाट भरतं. हलकी सरकली की कागदाचे उंचवटे तेवढे रंगतात आणि खाचा कोऱ्या राहतात. हात कुठे दाबला आणि कुठे सैल सुटला, हे नव्वद वर्षांनंतरही वाचता येतं.

आता थोडं उजवीकडे, खांद्याखाली. धड जवळजवळ नाहीच. तपकिरी कागद तसाच सोडला आहे, आणि तरी ती बसलेली आहे याबद्दल तुम्हाला शंका येत नाही. त्या मोकळ्या जागेत चार-पाच श्वास घ्या.

हे चित्र काढलं त्या वर्षी, १९३३च्या फेब्रुवारीत, हिटलर सत्तेवर आल्यानंतर काही आठवड्यांतच, नाझींविरोधी आवाहनावर सही केल्यामुळे तिला बर्लिनच्या प्रशियन कला अकादमीतून राजीनामा द्यायला लावला होता. याच अकादमीनं १९१९मध्ये तिला सन्मानानं सदस्य करून घेतलं होतं. १९१४च्या ऑक्टोबरात तिचा धाकटा मुलगा पेटर युद्धात मारला गेला, तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. हे कळल्यावर मी या चेहऱ्यात दुःख शोधत राहिलो. नजर दर वेळी त्या फटकाऱ्यांवरून घसरून पुन्हा हाताशीच आली.

तुम्हीही तिथेच या. कांडी तिच्यासमोरच्या रेखाटनाच्या फळीला टेकली आहे. ती अजून उचललेली नाही.