कौशिकाचं खरं बोलणं आणि माळावरचं घुबड



आजच्या वाचनात कर्णपर्वातली कौशिकाची गोष्ट आली आणि मी पुढे वाचूच शकलो नाही. पुस्तक मिटून बसलो. का, ते सांगतो.

आधी गोष्ट. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत परतलाय. संतापाच्या भरात तो अर्जुनाला म्हणतो की तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. आणि अर्जुनाची प्रतिज्ञा अशी की असं जो म्हणेल त्याला मारायचं. म्हणून तो थोरल्या भावावरच तलवार उपसतो. तेव्हा श्रीकृष्ण त्याला कौशिकाबद्दल सांगतात. नद्यांच्या संगमाजवळ राहणारा तपस्वी, कायम खरं बोलायचं व्रत घेतलेला. एकदा दरोडेखोरांना घाबरून काही माणसं त्याच्या जवळच्या रानात लपली. दरोडेखोर आले, त्यांनी विचारलं, याने जागा सांगितली. ती माणसं मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला.

आमच्या भाषेत सांगायचं तर कौशिक म्हणजे ऑथेंटिकेशन नसलेला एपीआय. कोणीही विचारा, उत्तर मिळणार. विचारणारा कोण, त्याला ते कशाला हवंय, हे तपासायचंच नाही.

आता माझं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे की नवरात्र संपून पाऊस ओसरला की माझे रविवार माळरानावर जातात. पुण्याच्या पूर्वेला असा एक माळ आहे (नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेलच). ऑक्टोबरच्या शेवटी उत्तरेकडून पक्षी उतरायला लागतात. भोवत्या ससाणे येतात, संध्याकाळी गवतावरून तरंगत जातात. आणि एखाद्या वर्षी आखूड कानांचं घुबड येतं. हे घुबड झाडावर बसत नाही, दिवसभर जमिनीवर गवतात झोपतं. त्याचा सगळा भरवसा अंगावरच्या मातकट रेघांवर. तुम्ही अगदी पाय द्यायला येईपर्यंत ते हलत नाही. आणि मग अचानक लांब पंख उघडून उठतं, एकदा पिवळ्या डोळ्यांनी वळून बघतं. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला काही सुचलं नव्हतं, नुसते हात जोडले गेले.

त्या वर्षी मी तेच केलं जे कौशिकाने केलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकेशन टाकलं. पुढच्या रविवारी माळावर अकरा गाड्या होत्या, त्यातल्या चार थेट गवतात घातलेल्या. ते घुबड उठवायचं, फोटो काढायचे, ते बसलं की परत उठवायचं. तिसऱ्यांदा उठलं तेव्हा कावळे मागे लागले. दिवाळी तोंडावर होती, आणि दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपायी घुबडांचे बळी दिले जातात हे तुम्ही ऐकलं असेलच. १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी होतं. लक्ष्मीचं वाहन म्हणायचं आणि लक्ष्मी यावी म्हणून त्यालाच मारायचं, याला काय म्हणावं! ते लोकेशन कुठेकुठे फॉरवर्ड झालं असेल या विचाराने मला कितीतरी रात्री झोप नव्हती. दुसऱ्या आठवड्यात घुबड तिथे नव्हतं. उडून गेलं की आणखी काही, देव जाणे.

म्हणून गेल्या वर्षी ते परत दिसलं तेव्हा मी शहाणपण केलं. कुणालाच सांगितलं नाही. ईबर्डवर यादी टाकली त्यातूनही वगळलं.

टीममध्ये एक ज्युनिअर मुलगी आहे, पक्षी बघायला नुकतीच लागलेली. दुर्बीण उसनी, स्कूटी जुनी. तिने विचारलं, "यंदा घुबड आलं का रे?" मी म्हटलं, "नाही, यंदा नाही दिसलं." आणि त्यानंतरचे दोन रविवार एकटा जाऊन बघून आलो.

आज इथेच अडकलो. श्रीकृष्णांचं म्हणणं नीट वाचलं तर त्याला पायऱ्या आहेत. गप्प राहून भागत असेल तर गप्प राहा. गप्प राहिल्यानेच संशय येत असेल आणि बोलणं भागच असेल, तर तिथे खोटं बोललेलं बरं. मी पहिली पायरी गाळली. "जागा सांगू शकत नाही," एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. शिवाय ती मुलगी दरोडेखोर थोडीच होती! भीती मला त्या अकरा गाड्यांची होती, खोटं मात्र तिच्याशी बोललो. आणि अगदी खरं लिहायचं तर त्यात फक्त भीती नव्हती. ते घुबड माझं एकट्याचं राहावं, याचीही गोडी होती. सोळाव्या अध्यायातल्या दैवी संपत्तीच्या यादीत अहिंसा, सत्य आणि अलोलुपता जवळजवळच येतात. पहिलीचं नाव घेऊन मी बाकीच्या दोन्ही सोडल्या.

झाकून ठेवण्याचा दुसराही तोटा असतो. नागालँडमध्ये दोयांग जलाशयापाशी २०१२ साली अमूर ससाणे जाळ्यात धरून हजारोंनी मारले जात होते. ते चित्रीकरण जगाने पाहिलं, गावकऱ्यांशी बोलणी झाली आणि २०१३ मध्ये पांग्टीच्या लोकांनी शिकार थांबवली. तिथे जागा कळली म्हणून पक्षी वाचले. आमचा माळ सरकारी कागदावर पडीक जमीन. तिथे काय येतं याची नोंदच नसेल, तर उद्या प्लॉट पडताना कोण काय दाखवणार? ती मुलगी परवा म्हणालीच, "घुबड येईनासं झालं ना, बांधकामामुळेच असणार." माझ्या खोट्यावर तिने एक दुःख उभं केलं होतं.

जाता जाता, संस्कृतमध्ये कौशिक या शब्दाचा एक अर्थ घुबड असाही आहे. हे आजच लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

संध्याकाळी तिला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" यावर मी जे दोन-तीन वाक्यं बोललो ती इथे लिहिण्यासारखी नाहीत. शेवटी तिनेच अटी घातल्या. यंदा आलं तर गाडी डांबरी रस्त्यावर ठेवायची, गवतात शिरायचं नाही, अंधार पडता पडता ते स्वतःहून शिकारीला उठेल तेव्हाच लांबून बघायचं. नोंद करायची, पण ते निघून गेल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये.

"आणि तू फोटो काढायचा नाहीस," ती म्हणाली. हो म्हटलंय.

राम कृष्ण हरी.