सोने कोणते व केर कोणता?

वेल्ह्याच्या डोक्यावर उभ्या असलेल्या तोरण्याची डागडुजी चालली असता शिवाजी महाराजांस पुरलेले द्रव्य सापडले व त्यातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधला गेला, ही कथा भोर-वेल्ह्याकडे लहान मुलांसही ठाऊक आहे. तेव्हा धातुशोधक यंत्राचे नाव निघताच मनुष्याचे डोळे गडाकडे वळावेत ह्यात नवल नाही. परंतु हे यंत्र चांगली वस्तू व केर ह्यांतील भेद ओळखते काय?

ओळखीत नाही, असे आमचे उत्तर आहे. यंत्राच्या वेटोळ्यातून चुंबकीय प्रभाव भूमीत जातो, त्यायोगे धातूत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि त्याचा प्रतिसाद ध्वनिरूपाने आपणांस ऐकू येतो. लोखंडी खिळा बहुधा खालच्या सुरात बोलतो, तांब्याची शिवराई वरच्या. पण फुटक्या तांब्याचा काठही वरच्याच सुरात बोलतो. सह्याद्रीचा काळा पाषाण तर लोहयुक्त, म्हणून कित्येकदा जमीनच बडबडते. सोन्याची अडचण ह्याहूनही मोठी आहे. लहानशी अंगठी व औषधी गोळ्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे वेष्टन ह्यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो. केर नको म्हणून कळ फिरवून तो आवाज बंद केला, तर अंगठीही मुकी होते! ज्यास ती पाहिजे, त्याने कित्येक वेष्टने उकरण्याची तयारी ठेविली पाहिजे.

तर मग वस्तूचे मोल कोण ठरवितो? उकरणाराची इच्छा. बाणाचे गंजलेले टोक त्यास केर वाटते. परंतु ते कोणत्या थरात, कशाशेजारी पडले होते, ह्यावरून जाणते लोक तेथील वृत्तांत जुळवितात. उपटून फेकल्यावर ती साक्ष पुन्हा मिळत नाही. राजगडास २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतले, ते काही त्याच्या पोटातील सोन्याकरिता नव्हे. म्हणून गडावर यंत्र नेण्यास आमची संमती नाही.

आपल्या शेतात नांगराच्या फाळास काही लागले तर काय करावे? १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे द्रव्य सापडल्यास कलेक्टरास लेखी कळविणे भाग आहे. (दहा रुपयांत आज धड चहाही मिळत नाही!) सोनाराच्या मुशीत घातलेल्या मोहरेचे वजन तेवढे उरते, तिजवरील अक्षरे जातात. शेजारी हसले तरी हसोत. वाचकांनी त्या जागी एक दगड खुणेस ठेवावा, आणि नांगर तेथून बाजूस घ्यावा.