नाबोथाचा मळा आणि गावची वेस

ऑक्टोबरची गोडी छाटणी सुरू झाली, की निफाड तालुक्यातील द्राक्षबागांना माणसांची निकड भासू लागते. पेठ, सुरगाणा या भागांतून मजुरांच्या टोळ्या येतात. छाटणी, विरळणी, तोडणी अशी कामे चैत्रापर्यंत चालतात. यातील काही कुटुंबे परत न जाता येथेच स्थिरावली आहेत. मळ्याच्या बांधाला पत्र्याची एक खोली, हेच त्यांचे घर. खोली मालकाची, बांधही मालकाचा. काम सुटले, की छप्परही सुटते.

काही वर्षांपूर्वी एका गावात, अशा कुटुंबांना गावाच्या कडेला घरासाठी लहान जागा द्याव्यात, असा विचार पुढे आला. त्याविरुद्ध ग्रामस्थांनी निवेदन तयार केले. पाणी अपुरे आहे, सांडपाण्याची सोय नाही, वरून लादलेली योजना गावाचे गावपण घालवील, असे त्यात म्हटले होते. निवेदन माझ्याकडेही आले. मुद्दे पटले आणि मी सही केली. पुढच्या रविवारी मिस्सानंतर एक भगिनी चर्चच्या दाराशी थांबली होती. ती म्हणाली, “फादर, मळ्यात आम्ही गावचे. मग घराला जागा मागितली की परके कसे?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून हा प्रश्न मनातून गेलेला नाही.

गावात कोणी, कोठे व कसे राहावे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? गावाचा की शासनाचा?

आपल्या राज्यात १९६६च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखडा स्थानिक नियोजन प्राधिकरण तयार करते, त्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. अंतिम मंजुरी मात्र शासनाच्या हाती राहते. १९९२च्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामीण गृहनिर्माण हा विषय पंचायतींच्या यादीत आणि नगररचना नगरपालिकांच्या यादीत घातला. प्रत्यक्ष अधिकार किती द्यावेत, हे मात्र राज्यांवर सोडले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये, बृहन्मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता, राज्यभरासाठी एकच विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. पूर्वी प्रत्येक शहराची नियमावली वेगळी होती. गरिबाला तिच्यातून लाभही झाला: १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर घर बांधू पाहणाऱ्याचे परवानगीसाठीचे हेलपाटे कमी झाले. २०२५च्या गृहनिर्माण धोरणाने तर २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. हेतू चांगलाच आहे. परंतु किती रुंद रस्त्यावर किती उंच इमारत उभी राहावी, याचा निर्णय जितका दूर जातो, तितके विहिरीचे पाणी किती खोल गेले हे निर्णय घेणाऱ्यास कमी दिसते.

हे वसईकरांनी अनुभवले आहे. १९९० मध्ये तेथील नियोजन सिडकोकडे सोपविण्यात आले. हिरव्या वाड्या, विहिरी व बावखले यांची चिंता वाहणाऱ्या लोकांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासमवेत हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली लढा दिला. त्या लढ्यात गावाचा आवाज हा न्यायाचा आवाज होता, असे मी मानतो.

म्हणूनच अशा प्रसंगी आपल्याला नाबोथ आठवतो. राजा अहाबाने त्याचा द्राक्षमळा मागितला. दुसरा चांगला मळा किंवा पैसे देऊ केले. वाडवडिलांचे वतन विकणार नाही, असे नाबोथाने सांगितले आणि प्राण गमावले. द्राक्षांच्या प्रदेशात राहणाऱ्या आम्हांस ही कथा जवळची वाटते. मात्र ती सांगताना एक तपशील आपण गाळतो. ईजबेलने राजाच्या मोहरेची पत्रे पाठविली खरी. पण नाबोथावर खोटा आरोप घडवून आणला तो त्याच्याच नगरातील वडीलधाऱ्यांनी. म्हणजे सत्ता जवळची असली, म्हणजे ती न्यायी असतेच असे नाही. निवेदनावरील माझी सही मला त्या वडीलधाऱ्यांच्या पंगतीत दिसू लागली.

पोप अकरावे पायस यांनी १९३१च्या विश्वपत्रात शिकविले, की लहान समाजघटक जे स्वतः करू शकतो, ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेऊ नये. मोठ्याचे काम साहाय्याचे. पोप सहावे पॉल यांनी १९६७ मध्ये स्मरण करून दिले, की खाजगी मालमत्तेचा हक्क निरपवाद नाही. सृष्टीतील संपत्ती सर्वांसाठी आहे. या दोन शिकवणी परस्परविरोधी नाहीत. गावाला अधिकार आहे तो राखणदाराचा. राखणदाराने पिकाची राखण करावी. भुकेल्याला हुसकावण्यासाठी गोफण फिरवू नये.

यातून मला एक साधी कसोटी सापडली. घरे कशी व्हावीत, पाणी कोठून आणावे, गटार कोठे न्यावे, हे गावाने ठरवावे. तेथे शासनाने गावाचे ऐकावे आणि घरांच्या आकड्यासोबत नळाचा निधीही पाठवावा. पण ‘कसे’ विचारता विचारता आपण ‘कोण’ विचारू लागलो, तर आपला अधिकार तेथेच संपतो. तेव्हा शासनाने दार उघडावयास लावले, तर तो अन्याय म्हणता येणार नाही. निवेदन निघाले त्याच वर्षी त्या गावात एक मोठे मंगल कार्यालय उभे राहिले. पाणी अपुरे असल्याची आठवण तेव्हा कोणालाच झाली नाही. मलाही नाही.

पुढे ग्रामसभेत जाऊन मी माझी सही चुकीची होती असे सांगितले. काही जण दुखावले गेले. जागेचा प्रश्न अजून सुटलेला नाही. मात्र त्या दिवशी ती भगिनी सभेला आली होती आणि पाण्याविषयी प्रथम तीच बोलली. हंडा घेऊन सर्वांत दूर तिलाच जावे लागते.

वाचकहो, आपल्याही गावात असे निवेदन येईल. सही करण्यापूर्वी, ज्याच्याविषयी ते लिहिले आहे, त्याच्या पत्र्याच्या खोलीत एकदा बसून या.