दोष शोधणे आणि दोष देणे

एखादी गोष्ट बिघडली की आपण दोन कामे करतो. एक, दोष शोधतो. दुसरे, दोष देतो. दोन्हीकडे शब्द एकच असल्यामुळे ही दोन कामेही एकच आहेत असा आपला समज होतो. माझाही होता. गेल्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरने तो दूर केला. पण तोवर त्या समजापायी एका माणसाची भाकरी गेली होती, आणि म्हणून हे लिहिणे मला सोपे जात नाही.

माझ्या मामांकडे फर्ग्युसन टीई-20 जातीचा एक ट्रॅक्टर आहे. इंग्लंडात कॉव्हेन्ट्री येथे 1946 ते 1956 या दहा वर्षांत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. 1958 च्या जानेवारीत एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच जातीच्या ट्रॅक्टरांवरून, चाकांना पट्टे चढवून. मामांचा ट्रॅक्टर मात्र विहिरीपासून बागेपर्यंत पाण्याची टाकी ओढतो. दारात डिझेलचा नवा ट्रॅक्टर उभा असताना हा पेट्रोल पिणारा म्हातारा त्यांनी केवळ आजोबांची आठवण म्हणून सांभाळला आहे.

मागच्या मार्गशीर्षात त्याने एक खोड धरली. सकाळी झटकन सुरू व्हावे, अर्धा तास नीट चालावे, मग खोकत खोकत बांधावरच थांबावे. तासभर विसावा दिला की पुन्हा सुरू! चालक येऊन सांगे, "मालक, तापला की बंद पडतोय." मामा म्हणत, "ट्रॅक्टर कधी दमतो काय? दमतो तो माणूस. बिडी ओढायची असली की याचा ट्रॅक्टर तापतो." पुढे पेट्रोलमध्ये पाणी मिसळत असल्याचा संशय निघाला. मामांनी माझे मत विचारले. शाळामास्तराला मत विचारले की तो ते देतोच. मी म्हणालो, "थंड असताना चालतो म्हणजे यंत्र ठीक आहे. उरतो तो चालवणारा." माझे हे तर्कशास्त्र मामांना पटले. पौषात पारावर चार माणसांदेखत त्यांनी त्या माणसाला कामावरून काढले.

नवा चालक आला. ट्रॅक्टर पूर्वीसारखाच अर्ध्या तासाने बंद पडू लागला.

त्या दिवशी मला काय वाटले ते सांगण्यापेक्षा मी काय केले ते सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पाने, पक्कड आणि एक बारका दिवा घेऊन मी त्या यंत्रापाशी बसलो. मी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. पण विजेच्या प्रवर्तनाचा शोध 1831 मध्ये ज्याने लावला तो फॅरेडेही पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करून वर आलेला होता, एवढा धीर मला पुरेसा होता.

या यंत्रातली ठिणगी मोठी गमतीची आहे. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून वाहून पॉइंट नावाच्या दोन लहान टिकल्यांतून जातो. इंजिन फिरताना त्या टिकल्या उघडतात, प्रवाह एकदम तुटतो, आणि त्या तुटण्यातूनच कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगपाशी ठिणगी पडते. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला दीड हजार फेरे घेत असेल तर असे तीन हजार वेळा घडते. हे तुटणे स्वच्छ व्हावे, टिकल्यांवरच जाळ होऊ नये, म्हणून शेजारी अंगठ्याएवढा एक कंडेन्सर बसवलेला असतो.

इंजिन चालवले, तापवले, बंद पडू दिले, आणि त्याच क्षणी तपासू लागलो. पेट्रोलची नळी सैल केली. धार स्वच्छ येत होती. म्हणजे पाण्याचा आरोप पहिल्या पाच मिनिटांतच गळून पडला. प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि इंजिन फिरवले. निळी, तडतडणारी ठिणगी हवी, तिथे पिवळट, मरगळलेली ठिणगी दिसली. कॉइलच्या मुख्य तारेशीही तीच. म्हणजे वाटेतले डिस्ट्रिब्यूटरचे झाकण निर्दोष. कॉइलपर्यंत प्रवाह पोचत होता, दिवा लागला. पॉइंट पाहिले तर काळेनिळे जळलेले. ते तर दिवाळीत मी स्वतः नवे बसवले होते!

आणि मग आठवले. पॉइंट बदलताना, "बदलतोच आहोत तर हेही बदलू," म्हणून चांगला चालणारा जुना कंडेन्सरही मी काढून टाकला होता. बाजारातून आणलेला नवा, चकचकीत कंडेन्सर मीच बसवला होता. जुना खिळ्यांच्या डब्यात पडून होता. पॉइंट घासून तो परत लावला. ट्रॅक्टर दोन तास न थांबता चालला. खात्रीसाठी पुन्हा नवा लावला. अर्ध्या तासात बंद. शंकेला जागाच उरली नाही.

आता माझा प्रश्न असा की, मामांनी विचारले तेव्हा मी हे का केले नाही? अडाणीपणामुळे नव्हे; ही सारी तपासणी एका सकाळची होती. मला तपासणीची गरजच वाटली नाही, कारण उत्तर हाताशी होते आणि त्या उत्तराला माझे नाव नव्हते. शोध घेणारा एकेक वस्तू निर्दोष ठरवीत पुढे जातो, आणि त्या यादीत त्याला स्वतःचा हातही धरावा लागतो. दोष देणाऱ्याला एवढे कष्ट नसतात. त्याला एक माणूस पुरतो, आणि तो शक्यतो उलट न बोलणारा हवा.

दुसऱ्या दिवशी मी त्या चालकाच्या घरी गेलो. तो आता वीटभट्टीवर जातो. सारे ऐकून घेऊन तो म्हणाला, "गुरुजी, तापला की बंद पडतोय, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

खरेच होते. आम्हा सगळ्यांत बिघाडाचे अचूक वर्णन त्या एकट्यानेच केले होते. आणि आम्ही त्यालाच बिघाड ठरवले.

मी क्षमा मागितली. त्याने विचारले, "हे पारावर सांगाल का?"

यंत्राचे बरे असते. योग्य वस्तू जागेवर आली की ते मागचे काही न विचारता सुरू होते. माणसावरचा आरोप चारचौघांत केलेला असतो, तेव्हा तो घरात, दार लावून मागे घेता येत नाही. मामा नको म्हणत होते. तरी त्या आठवड्याच्या बाजारी मी पारावर उभा राहून, कंडेन्सर हातात धरून, सगळे सांगितले. दोघेतिघे हसले. एकाने विचारले, "मास्तर, एवढ्याशा डबीपायी?"

मामांनी त्याला परत बोलावले आहे. तो अजून आलेला नाही. येईलच असे मी धरून चाललेलो नाही.