विहिरीत सोडलेला कंदील

जुना आड उपसायला उतरण्याआधी खेड्यातली जाणती माणसं पेटता कंदील दोराला बांधून खाली सोडत. ज्योत मंदावली, विझली, की कुणी उतरायचं नाही. ही परीक्षा खरी होती, पण अर्धीच. ज्योत विझते ती प्राणवायू कमी पडल्यामुळे. कुजलेल्या गाळात, सेप्टिक टँकमध्ये, साखर कारखान्याच्या सांडपाण्याच्या टाकीत तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड दहा लाख भाग हवेत शंभर भाग, म्हणजे 100 पीपीएम, एवढाच असला तरी जिवाला धोका असतो; कंदील मात्र तसाच जळत राहतो. नाकाचाही भरवसा नाही. कुजक्या अंड्यासारखा तो वास सुरुवातीला झोंबतो आणि वायू वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं वाटून माणूस आणखी दोन पायऱ्या उतरतो. खाली मिथेन साचला असेल, तर ज्योतच घात करते.

ढोकीच्या तेरणा कारखान्यापासून साखर कारखानदारीची ओळख असलेल्या धाराशिव जिल्ह्याला हा विषय परका नाही. म्हणूनच असे वायू ओळखणाऱ्या गॅस सेन्सरवरच्या संशोधनाचं मोल कसं ठरवायचं, हा प्रश्न इथे विचारायला हवा.

या सेन्सरचं तत्त्व सोपं आहे. 1962 मध्ये जपानमध्ये सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडचा पातळ थर वापरून वायू ओळखून दाखवला; त्याच सुमारास तागुची यांनी टिन ऑक्साइडचा मार्ग धरला. तापवलेल्या टिन ऑक्साइडवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, विजेला होणारा रोध वाढतो. स्वयंपाकाच्या गॅससारखा वायू आला की तो ऑक्सिजन खर्ची पडतो, इलेक्ट्रॉन सुटतात, रोध घटतो. अडचण अशी की हा थर बऱ्याचदा दोनशे ते चारशे अंशांपर्यंत तापवावा लागतो, आणि बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या उपकरणाला ते महाग पडतं.

इथे अमळनेरची गोष्ट येते. प्रताप महाविद्यालयातल्या एल. ए. पाटील आणि डी. आर. पाटील यांचा शोधनिबंध 2006 मध्ये ‘सेन्सर्स अँड अ‍ॅक्चुएटर्स बी’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. टिन ऑक्साइडचा थर त्यांनी स्क्रीन प्रिंटिंगने तयार केला. लग्नपत्रिका छापतात तीच ही पद्धत, फक्त शाईच्या जागी ऑक्साइडचा लेप. त्यावर तांब्याच्या ऑक्साइडचे कण बसवले. हायड्रोजन सल्फाइड आला की त्या कणांचं कॉपर सल्फाइड होतं, वीज सहज वाहू लागते आणि रोध कोसळतो. तांबं आणि टिन यांची ही जोडी जपानी संशोधकांनी 1992 मध्येच दाखवली होती. पाटील यांनी ती न तापवता, खोलीच्या तापमानाला, काही पीपीएमपर्यंत चालवून दाखवली.

हा निबंध पुढे जगभरच्या संशोधकांनी आपल्या लेखांत उद्धृत केला. त्या सायटेशनचं महत्त्व कमी लेखू नये. तालुक्याच्या गावात, मोजक्या साधनांवर केलेलं काम दूरच्या प्रयोगशाळेत कुणाला तरी आधाराला घ्यावंसं वाटलं, याची ती लेखी साक्ष आहे. नळदुर्ग, उमरगा, मुरूम इथे विज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकाला मोठ्या शहरातलं नाव पाठीशी नसतं. निबंध मात्र स्वतःच्या बळावर वाचला जातो. भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी 2005 मध्ये मांडलेला, सायटेशनच्या संख्येवर बेतलेला एच-इंडेक्स त्या प्राध्यापकाला आधार वाटतो, तो यामुळेच.

बिघडतं ते पुढे. बढतीसाठी निबंधांचे गुण मोजले जाऊ लागले, की कोणतं काम हाती घ्यायचं हेही ते गुणच ठरवू लागतात. नवा ऑक्साइड, नवी भेसळ, नवा नॅनोकण यांवर निबंध लवकर होतो. तोच सेन्सर सहा महिने वापरून त्याचं वाचन किती सरकलं, हे तपासणारा निबंध कमी वाचला जातो. बंद काचपात्रात मोजून सोडलेल्या वायूवर आलेला आकडा सुबक दिसतो. टाकीच्या तोंडाशी धूळ असते, बाष्प असतं. बाष्पाने टिन ऑक्साइडचा रोध वायू नसतानाही बदलतो. माणसाला मारणारी चूक इथेच होते.

गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने निषिद्ध आहे. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दहा लाख आणि ऑक्टोबर 2023 मध्ये तीस लाख रुपये ठरवली. माणसाला टाकीत उतरवणं थांबवणं, हेच पहिलं काम. पण कायद्याबाहेर राहिलेल्या विहिरी, आड आणि गोबरगॅसच्या टाक्या आहेतच.

धाराशिवच्या प्रयोगशाळेला इथे एक संधी आहे, जी मोठ्या शहरातल्या संस्थेला सहज मिळत नाही. विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवलाच आहे, कारखाने जवळ आहेत, एम.एस्सी.चे विद्यार्थी त्याच गावांतून येतात. सांडपाण्याच्या टाकीवर दोरीला बांधलेला एक सेन्सर, शेजारी खात्रीचं औद्योगिक मापक, आणि गाळप सुरू झाल्यापासून पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत रोजची नोंद: तापमान, आर्द्रता, दोन्हींचे आकडे, खोटा इशारा कधी आला, खरा कधी चुकला. ही वही शोधप्रबंध म्हणून स्वीकारली जावी आणि तिला बढतीत गुण मिळावेत.